७००आर४ च्या कूलर लाइन्स: रूटिंग, फ्लेअर आणि क्लॅम्पच्या नोंदी

२ नोव्हेंबर

इंजिन आणि गिअरबॉक्स फ्रेममध्ये फायनल बसले, हेडर्सही (एक्झॉस्टच्या नळ्या) टाइट झाले, म्हणून आता कूलर लाइन्स, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल कूलरपर्यंत नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या, हातात घेतल्या. ह्याच्या आधी घेण्यात अर्थ नव्हता, हेडर आणि क्रॉसमेंबर (फ्रेमचा आडवा तुकडा) पक्के व्हायच्या आधी लाइन वाकवली की ती परत काढून नवीन वाकवावीच लागते. गाडीची फ्रेम स्वतः बनवलेली, पुढे स्मॉल ब्लॉक शेवी व्ही८ इंजिन, त्याच्या मागे ७००आर४, म्हणजे जीएमचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे तयार वाकवलेल्या लाइन्स आणायच्या आणि लावायच्या हे इथे होणार नाही.

आज फक्त खाली झोपून टॉर्चने उजवी बाजू नीट बघितली. सगळी गर्दी नेमकी ह्याच बाजूला आहे. दोन कूलर पोर्ट, डिपस्टिकची नळी, टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व) केबल, स्टार्टर, स्टार्टरला येणारी बॅटरीची जाड वायर, पुढे मेकॅनिकल फ्युएल पंप, आणि ह्या सगळ्यांना खेटून हेडरच्या चार नळ्या. डावीकडे भरपूर जागा आहे पण पोर्ट उजवीकडे आहेत त्याला इलाज नाही.

ह्या कामाला मी एवढा वेळ का देतोय ते लिहून ठेवतो. कूलर लाइन म्हणजे फक्त तेल थंड करायची नळी असं बरेच जण समजतात. ७००आर४ मध्ये कूलरमधून परत येणारं तेलच आतल्या गिअर सेटला आणि बुशिंगला वंगण म्हणून जातं. म्हणजे लाइन कुठे चेपली, दुमडली किंवा आतून अर्धी बंद झाली तर गिअरबॉक्स नुसता गरम होत नाही, आत कोरडा फिरायला लागतो. आणि लाइन फुटली तर दाबातलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) थेट तापलेल्या हेडरवर, तिथून आग लागायला काही लागत नाही. एवढ्या साध्या दिसणाऱ्या दोन नळ्यांवर इतकं अवलंबून असताना त्या शेवटी घाईघाईत टाय मारून उरकल्या जातात हे बघून खरंच वाईट वाटतं.

३ नोव्हेंबर

रूट ठरवला. सगळ्यात आधी एकच प्रश्न: ही नळी कोणाची? इंजिनची की फ्रेमची? इंजिन रबर माउंटवर हलतं, फ्रेम हलत नाही. नळीचं एक टोक गिअरबॉक्सला पक्कं आणि मध्ये कुठेतरी तीच नळी फ्रेमला क्लॅम्प, असं केलं की प्रत्येक गिअर टाकताना ती नळी त्या दोन जागांमध्ये थोडी थोडी वाकत राहते, आणि मग कधीतरी फ्लेअरच्या (नळीच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मागे बारीक तडा जातो. बहुतेक वेळा नळी मधे तुटत नाही, नटाच्या अगदी मागेच तुटते.

म्हणून ठरलं असं की गिअरबॉक्सपासून इंजिनच्या पुढच्या टोकापर्यंत दोन्ही हार्ड लाइन्स (धातूच्या नळ्या) पूर्णपणे इंजिनच्या. सगळे क्लॅम्प बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडणारा पुढचा भाग) आणि ऑइल पॅनच्या बोल्टवर, फ्रेमला एकही नाही. रेडिएटर आणि कूलर फ्रेमचे. मधला पूल होजचा, आणि तो फक्त पुढे. फॅक्टरीतून येणाऱ्या कित्येक गाड्यांतही हेच असतं, ऑइल पॅनच्या कडेने नळ्या आणि रेडिएटरजवळ रबराचा तुकडा.

मित्राचं म्हणणं होतं की "अरे सगळंच ब्रेडेड होज कर ना, वाकवायची कटकटच नको". पण ह्या बाजूला मला लांब होज नकोच. स्टीलची जाळी म्हणजे कानसच, जिथे टेकेल तिथे घासत बसते, ब्रेक लाइन असो वायर असो की अॅल्युमिनियम केस असो, काही काळाने आरपार जाते. त्यात स्टार्टरचं मोठं टर्मिनल तिथेच आहे आणि त्या वायरला मध्ये फ्यूज नसतो. जाळी त्या टर्मिनलला टेकली की काय होईल ते सांगायला नको. वाकवलेली नळी जिथे ठेवली तिथेच राहते, होज ढिली पडते, लोंबते.

५ नोव्हेंबर

मटेरियल. ३/८ इंच नळी घेतली, म्हणजे एएन-६ (फ्लेअर फिटिंगचा एक साइज) च्या फिटिंग. ५/१६ पण चालली असती पण माझा टॉर्क कन्व्हर्टर जरा जास्त स्टॉलचा (जास्त आरपीएमपर्यंत स्लिप होणारा) आहे, तो लॉक होत नाही तोपर्यंत जी स्लिप असते तीच सगळी उष्णता होऊन तेलात येते, म्हणून फ्लोला कुठे अडथळा नको.

नळी निकेल-कॉपर, ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल. गंजत नाही, हाताने छान वाकते, फ्लेअर स्वच्छ येतो. साधी तांब्याची नळी मात्र ह्या कामाला कोणीही वापरू नये, एसीवाल्यांकडे सहज मिळते म्हणून लोक लावतात, पण तांबं व्हायब्रेशनने कडक होत जातं आणि मग तडकतं. स्टेनलेस दिसायला सुंदर, पण वाकवायला आणि फ्लेअर करायला त्रासदायक. साधं स्टील उत्तम, फक्त गंजापासून जपावं लागतं.

फ्लेअरचा कोन इथेच नोंदवतो कारण ह्यावरून खूप गोंधळ होतो. एएन म्हणजे ३७ अंश. ब्रेकच्या कामात वापरतात तो ऑटोमोटिव्ह फ्लेअर ४५ अंश, तोही डबल. दोन्हीचे नट बघायला सारखे, आणि ४५ चा फ्लेअर ३७ च्या कोनावर आवळला तर वरवर बसतोही, पण टेकतो फक्त एका बारीक रेषेवर, आणि मग लीक थांबवायला अजून आवळा, अजून आवळा. टूल कोणत्या कोनाचं आहे ते डायवर कोरलेलं वाचून मगच काम सुरू करायचं.

८ नोव्हेंबर

केसमधल्या फिटिंग बसवल्या. ७००आर४ च्या केसला १/४ इंचाचे सरळ आटे आहेत, टेपर (निमुळते) नाहीत. सरळ आट्यांत टेपर एनपीटी फिटिंग फिरते, सुरुवातीला मस्त पकडतेही, पण ती पाचरीसारखी आत घुसते आणि केस अॅल्युमिनियमची, कान तडकला की संपलं. म्हणून खास ह्याच केससाठीचे अॅडॅप्टर घेतले, एका बाजूला सरळ आटे आणि खाली वायसर, दुसऱ्या बाजूला एएन-६. सील वायसरवर होतं, आट्यांवर नाही, त्यामुळे दणकून आवळायची गरज नाही.

टेफ्लॉन टेप कुठेही नाही. फ्लेअरला तर लागतच नाही, तिथे धातू धातूवर बसतो. आणि टेपचे धागे सुटून व्हॉल्व बॉडीत गेले तर तिथल्या बारीक वाटा बंद व्हायला एक धागा पुरतो. रेडिएटरच्या टाकीला टेपर आटे आहेत तिथे लिक्विड सीलंट, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

खालचा पोर्ट तेल बाहेर सोडतो, वरचा परत घेतो. दोन्हीला रंगीत टेपचे तुकडे चिकटवले, बाहेर जाणारी लाल, परतीची निळी. पुढे सगळीकडे हेच रंग.

९ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस वाकवण्यात. आधी वेल्डिंगच्या पातळ फिलर तारेचा नमुना बनवला, गाडीखाली धरून थोडा थोडा वाकवत पुढे नेला, मग तो टेबलावर ठेवून त्यावरून नळी वाकवली. नळी थेट गाडीखाली वाकवायला गेलं की एक बेंड चुकला की सगळं मीटरभर वाया, तारेचं काही जात नाही.

रूट असा: पोर्टमधून बाहेर आल्यावर लगेच खाली, टीव्ही केबलच्या खालून पुढे, बेल हाउसिंगच्या कडेला चिकटून, स्टार्टरच्या खालून लांबून वळसा, मग ऑइल पॅनच्या रेलला समांतर सरळ पुढे फ्युएल पंपाच्या खाली. टीव्ही केबलपासून बोटभर जागा ठेवली आहे. ह्या केबलच्या सेटिंगवर गिअरबॉक्समधला दाब ठरतो आणि ते बिघडलं तर क्लच जळतात, त्यामुळे तिला वाटेत काहीही अडकायला नको. एक्सिलरेटर पूर्ण दाबून केबल सरकताना बघितली, मोकळी आहे.

ऑइल पॅनच्या तळापेक्षा नळ्या वर आहेत हे पट्टी लावून तपासलं. सगळ्यात खाली लटकणारी गोष्ट कूलर लाइन असता कामा नये.

१० नोव्हेंबर

फ्लेअर. नळी ट्यूब कटरने कापली, एक्सोब्लेडने नाही, कारण कट काटकोनात नसला तर फ्लेअर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ येतो. कटर दर फेरीला थोडाच आवळायचा. मग आतली धार काढायची, बाहेरची कड हलकी मारायची, आणि नळी उलटी धरून आत हवा मारायची म्हणजे कीस आत राहत नाही. नट आणि स्लीव्ह आधी नळीत ओवायचे, मग फ्लेअर. शेवटच्या बेंडपासून फ्लेअरपर्यंत नळी सरळ हवी, नाहीतर स्लीव्ह मागे सरकतच नाही, हे कालच तारेवर धरून ठेवलं होतं.

कोनावर एटीएफचा थेंब लावून सावकाश दाबला. तयार फ्लेअर बघायची माझी पद्धत अशी की टॉर्च बाजूने धरायचा, समोरून नाही. बाजूच्या उजेडात फ्लेअरच्या आतला पृष्ठभाग आरशासारखा दिसला पाहिजे, गोल ओरखडे चालत नाहीत, आणि ओठाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली तरी तो तुकडा कापून टाकायचा. नखही फिरवून बघायचं, कधीकधी डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं. रुंदी स्लीव्हच्या बाहेरच्या कडेच्या जवळपास आली पाहिजे, त्याहून मोठा झाला तर नटात घासतो, लहान राहिला तर पकड कमी.

१५ नोव्हेंबर

क्लॅम्प आले. आजचं काम सगळ्यात आवडीचं.

पी-क्लॅम्प रबर लावलेले, पण रबर कोणतं ते विचारून घेतलेले. स्वस्तातल्या बऱ्याच क्लॅम्पवर ईपीडीएम रबर असतं, ते पाण्याला आणि कूलंटला छान पण खनिज तेलात फुगतं आणि मऊ होऊन निघून येतं. इथे नायट्राइलवाले घेतले. साइज बरोबर नळीची. एक नंबर मोठा क्लॅम्प लावून आत रबराचा तुकडा कोंबला की नळी आत फिरते, आणि जी नळी क्लॅम्पमध्ये फिरते ती क्लॅम्पनेच कापली जाते.

साधारण दर ३० सेंटिमीटरला एक क्लॅम्प. स्टीलच्या नळीला ४५ पर्यंत चाललं असतं, पण निकेल-कॉपर मऊ आहे. पहिला क्लॅम्प फिटिंगच्या जवळ पण बेंडच्या पलीकडे, म्हणजे नटावर नळीचं वजन येत नाही. बेल हाउसिंगच्या बोल्टवर एक, मग ऑइल पॅनच्या बोल्टवर पत्र्याच्या पट्ट्या. पट्टीच्या जाडीएवढा जास्त लांब बोल्ट घेतला, कारण जुन्याच बोल्टखाली पट्टी घातली की आट्यांची पकड कमी होते आणि पॅनचं गॅस्केट तिथेच गळायला लागतं.

दोन नळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये दोन खाचांचे सेपरेटर. सगळे नट नायलॉक. क्लॅम्प आवळायच्या आधी एक गोष्ट आवर्जून बघितली: क्लॅम्प सैल असताना नळी आपणहून जागेवर बसते का. ओढून, दाबून क्लॅम्पमध्ये आणावी लागली तर तो ताण कायमचा फ्लेअरवर राहतो. एका जागी नळी ३-४ मिलिमीटर वर राहत होती, तर पट्टी वाकवून तेवढी वर नेली, नळीला हात लावला नाही.

स्टार्टरच्या टर्मिनलवर रबरी टोपी घातली. बॅटरी अर्थातच काढलेली आहे.

१६ नोव्हेंबर

कूलर. रेडिएटरच्या टाकीतला कूलर आहेच, त्याच्या पुढे वेगळा स्टॅक्ड प्लेट (प्लेटांच्या थरांचा) कूलर. तेलाचा रस्ता: गिअरबॉक्स, मग रेडिएटरची टाकी, मग प्लेट कूलर, मग परत. टाकी सुरुवातीला तेल लवकर गरम करते आणि नंतर बरीच उष्णता काढते, उरलेली हवेवर जाते.

कूलर रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या घालून बांधायचे किट मिळतात, ते मी कधीच वापरणार नाही. हलता हलता कूलर रेडिएटरची पातळ फिन आणि मग नळी घासतो. त्याला स्वतःच्या चार पट्ट्या, रेडिएटर सपोर्टला बोल्ट, मध्ये रबरी बुश, आणि रेडिएटरपासून २० मिलिमीटर अंतर. पोर्ट वरच्या बाजूला, म्हणजे आत हवा अडकत नाही.

टाकीची फिटिंग आवळताना दुसऱ्या पान्याने टाकीचा नट धरून ठेवायचा. तो फिरला तर आतला कूलर पिळला जातो, आणि तिथे लीक झालं की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातो. ग्लायकॉल क्लचच्या फ्रिक्शन प्लेट सोलून काढतो, मग नुसतं तेल बदलून भागत नाही.

१७ नोव्हेंबर

पुढच्या होज. ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचीच होज, वर एसएई जे१५३२ छापलेलं आहे ते बघून घेतली. पेट्रोलची होज दिसते सारखी पण ती गरम एटीएफसाठी नाही.

दाब आला की होजची लांबी बदलते, साधारण २ टक्के वाढू शकते किंवा ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकते, म्हणून ताणून नाही, हलका वळसा देऊन लावली. होजवरची छापील रेघ सरळ राहिली पाहिजे, ती गुंडाळल्यासारखी दिसली तर होज पिळलेली आहे, आणि पिळलेली होज नट सैल करत राहते. फॅनच्या पात्यांपासून आणि बेल्टपासून लांब, आणि फॅनकडे झुकू नये म्हणून सपोर्टला एक क्लॅम्प. हा क्लॅम्प फ्रेमचा, होजच्या फ्रेमकडच्या टोकाला. इंजिनकडचं टोक मोकळं.

२२ नोव्हेंबर

हवेची टेस्ट. गिअरबॉक्सकडून दोन्ही लाइन सोडवल्या, एकीला टोपी, दुसरीतून रेग्युलेटर लावून ३० पीएसआय. सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी. रेडिएटरमध्ये पाणी भरून झाकण उघडं ठेवलं, आतला कूलर गळत असेल तर बुडबुडे तिथे येतात. प्लेट कूलरच्या एका नटाला अगदी बारीक फेस येत होता, दहा सेकंदांनी एक बुडबुडा. नट उघडला, कोनावर बारीक कचरा होता, पुसला, परत बसवला, बंद. असा जॉइंट नुसता जास्त आवळून बंद करता येतो पण मग फ्लेअरवर कायमचा खळगा पडतो. सगळं कोरडं झाल्यावर प्रत्येक नटावर पेंटची रेघ ओढली, नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

२३ नोव्हेंबर

इंजिन सुरू केलं. परतीची लाइन गिअरबॉक्सकडून काढून बादलीत सोडली आणि आयडलवर फ्लो बघितला. चांगल्या सर्किटला साधारण २० सेकंदांत एक क्वार्ट, म्हणजे साडेनऊशे मिलीच्या आसपास तेल यायला हवं. तेवढं आलं, धार अखंड. इंजिन लगेच बंद. ही टेस्ट लांबवायची नाही कारण तेवढा वेळ वंगण गिअरबॉक्सऐवजी बादलीत जातं.

लाइन जोडून तेल भरलं, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवला, मग पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर डिपस्टिक. नवीन कूलर आणि लाइन्स भरायला वरून तेल लागतंच, तेल थंड असताना एकदाच बघून सोडून दिलं तर पातळी चुकते.

२४ नोव्हेंबर

ज्या टेस्टची वाट बघत होतो ती आज. गाडीची चाकं चारी बाजूंनी अडवलेली, मित्र आत, ब्रेक पूर्ण दाबून. खाली कोणीही नाही, फक्त फोन, व्हिडिओ चालू, समोर स्टीलची पट्टी फ्रेमला चिकटवलेली. ड्राइव्हमध्ये टाकून हलका एक्सिलरेटर, मग रिव्हर्स, तेही एकदोन सेकंदच, कारण अशा वेळी कन्व्हर्टरमध्ये तेल झपाट्याने तापतं.

व्हिडिओ सावकाश करून बघितला. ड्राइव्हमध्ये इंजिनची उजवी बाजू खाली दबते, रिव्हर्समध्ये वर उचलते, दोन्ही मिळून जवळपास १५ मिलिमीटरचा फरक. आणि बघायला खूप समाधान वाटलं ते असं की नळ्या आणि हेडर एकत्रच वर-खाली जातात, त्यांच्यातलं अंतर तसूभरही बदलत नाही, कारण दोन्ही इंजिनचे. बदलतं ते नळी आणि फ्रेममधलं. क्रॉसमेंबरच्या गसेटच्या (मजबुतीच्या पत्र्याच्या) कोपऱ्याशी परतीची नळी ड्राइव्हमध्ये फक्त ५ मिलिमीटरवर येते. उभ्या गाडीत तिथे बोट जात होतं. गसेटचा तो कोपरा ग्राइंडरने गोल काढला, आता दबलेल्या अवस्थेतही २० मिलिमीटर राहतात. पुढचे होज छान हलतात, कुठे ओढ नाही.

हेडरपासून नळ्या ७५ मिलिमीटर लांब आहेत, फक्त चौथ्या नळीजवळ अंतर कमी पडतं. तिथे नळीवर स्लीव्ह गुंडाळण्यापेक्षा मध्ये पत्र्याची ढाल लावली, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी. स्लीव्हच्या आत गळती लपते आणि तेल शोषलेली स्लीव्ह हेडरजवळ असणं मला पटत नाही.

३० नोव्हेंबर

गाडी रस्त्यावर फिरवली, शहरातलं थांबत-थांबत चालवणं, एक लांबचा चढ, मग हायवे. पॅनमधल्या सेन्सरवर तेल बराच वेळ ८० ते ८५ अंश सेल्सिअस, चढावर ९६ पर्यंत गेलं आणि कन्व्हर्टर लॉक झाल्यावर पटकन खाली आलं. जुना ठोकताळा असा की ८० च्या वर प्रत्येक ११ अंशांना एटीएफचं आयुष्य निम्मं होतं, त्या हिशोबाने हे आकडे मस्त आहेत. सेन्सर बाहेर जाणाऱ्या लाइनमध्ये लावला असता तर आकडा जास्त दिसला असता, कारण ते तेल नुकतंच कन्व्हर्टरमधून आलेलं असतं, म्हणून आकड्यांची तुलना करताना सेन्सर कुठे आहे ते आधी विचारायचं.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर खाली जाऊन पांढरं फडकं प्रत्येक जॉइंटवरून फिरवलं. कोरडं. पेंटच्या रेघा सगळ्या जुळलेल्या. ऑइल पॅनवरच्या एका पट्टीचा बोल्ट जरा ढिला झाला होता, नवीन गॅस्केट दबतं तेव्हा होतं असं, आवळला. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना नळीवर घासल्याची चमक नाही. हेच सगळं गॅस्केट नीट बसेपर्यंत एकदोनदा परत बघायचं, आणि नंतर दर ऑइल चेंजला, गाडी वर असतेच तेव्हा. आता फ्लोअरचा पत्रा लावायला हरकत नाही, फक्त केसवरच्या दोन नटांपर्यंत पाना पोचेल एवढी झडप त्यात ठेवायची आहे.